शेवटचा कोण?

बोगुमिल सारनेत्स्की सगळ्यांचा आवाज होता.
टेलिव्हिजनवर परदेशी नायिका रडायची तिच्या भाषेत,
तिच्या रडण्यावर हा चढायचा, अर्ध्या सेकंदाने मागून,
पोलिशमध्ये, विजेचं बिल वाचावं तसा.
खुनी तोच. खून झालेला म्हातारा तोच.
सहा वर्षांची पोर आईला हाक मारी,
ती हाकही याच्याच सिगारेटने भाजलेल्या गळ्यातून.
आणि कोणाला हसू येत नसे.
दहा मिनिटांत लोक त्याला विसरून जात;
त्यांना वाटे, आपल्यालाच परकी भाषा समजायला लागली.

मी त्याच्या डाव्या हाताला बसायचे.
शब्द माझे असत.
पडद्यावरच्या चार वाक्यांचं एक करायचं,
नाहीतर तो मागे पडायचा आणि ओठ पुढे जायचे.
"लाडके, तुला हजारदा सांगितलं, आता पुन्हा कसं सांगू"
यातलं माझ्या टाइपरायटरमधून फक्त "नाही" बाहेर पडे.
माणसं बोलतात फार, म्हणायचं असतं थोडं:
हे मी पोटापाण्यासाठी शिकले.
माइकपुढे कागद वाजू नयेत
म्हणून रात्री ते उशीखाली घेऊन झोपायचे.
सकाळी मऊ झालेले असत, पिठाच्या पोळीसारखे.
वाक्य आलं की त्याच्या कोपराला बोट लावायचं.
बस्स. तेवीस वर्षं, एक बोट, एक कोपर.

मग त्या डिसेंबरात बातम्या सांगणारे गणवेश घालून आले.
टेलिफोन मेले. चौकात रणगाडे, आणि त्यांच्याशेजारी
कोळशाच्या शेगडीवर हात शेकणारी पोरं.
आम्हाला बोलावणं आलं. फिल्म बाहेरची नव्हती,
इथलीच. कागदही माझे नव्हते,
कडक होते, कोणी त्यांच्यावर झोपलेलं नव्हतं.
बोगुमिलने पहिलं पान मनात वाचलं.
हिरवा दिवा लागला. मी बोट लावलं.
त्याने गळ्याकडे हात नेला आणि मान हलवली:
घसा बसलाय.

चौदा महिने बसलेलाच राहिला.
डॉक्टरचा एक दाखला संपला की दुसरा.
आणि घसा बसलेल्याने बाजारात बोलायचं कसं?
खिशात चिठ्ठ्यांची वही बाळगू लागला,
पेन्सिल दोऱ्याने बांधलेली.
"अर्धी राय." "बारीक चिरून नको." "आभार."

पुढचं मी पाहिलेलं नाही. मला तिघांनी सांगितलं
आणि तिघांनी तीन रांगा सांगितल्या:
मांसाची, बुटांची, टॉयलेट पेपरची.
ग्रोखूवमध्ये, एवढं नक्की. बर्फ पडत होतं, हेही.
तो येऊन उभा राहिला, जाड हातमोज्यांतून
वही निघेना, पेन्सिलीचा दोरा बटणात अडकला,
आणि तोंडातून गेलंच:
"शेवटचा कोण?"

साठ डोकी एकदम वळली.
साठ घरांत मेलेला, परत आलेला,
घोड्यावरून पडलेला, बायकोला फसवलेला,
आई म्हणून हाक मारणारा.
रांगेत एक गणवेशवालाही होता.
तो वळला, आणि मग बुटांवरचं बर्फ झटकू लागला.
हिरव्या रुमालातली बाई म्हणाली, "या, माझ्यापुढे उभे रहा."
"नको," तो म्हणाला. तसाच. बिल वाचावं तसा.
कोणी कुठे जाऊन सांगितलं नाही.

तो टेलिव्हिजनवर परत गेला नाही.
त्याची बायको हाल्श्का म्हणे, घरी तो वेगळाच होता,
बटाटे सोलतानाही नाटक: हुंदके, गर्जना,
"मीठ!" असा ओरडायचा की शेजारी भिंत ठोकत.
मला हे पटायला वेळ लागला. थोडा रागही आला.

दफनाच्या वेळी पाद्री खूप बोलला.
सवयीने मी छाटत गेले.
शेवटी दोन शब्द उरले, त्यांत बोगुमिलचं नाव नव्हतं.
बाहेर ट्रामच्या तिकिटांना रांग होती, वेडीवाकडी,
टोक दिसत नव्हतं.
मला विचारावं लागलं.