दोन हात

कोरेगावच्या नाक्यावर साडेनऊला अडवलं.
लायसन होतं. इन्शुरन्स होता. पीयूसीसुद्धा, परवाचीच.
मग डबा उघडायला लावला:
ब्रश, टर्पेंटाइन, पाव लिटर लाल ऑइलपेंट.
"रात्रीच्या कुणाच्या भिंती रंगवतोस, मुलाणी?"
आडनाव लायसनवरच वाचलेलं.
ते पाचशे म्हणाले. मी पावती म्हणालो.
तेवढ्या एका शब्दावर
गाडीची चावी त्यांच्या खिशात.

ठाण्यात बाकड्यावर बसवलं, मोबाइल काढून घेऊन.
समोर माझंच अक्षर:
सद्रक्षणाय खलनिग्रहणाय.
शिडीवर उभं राहून काढलेलं, भर मे महिन्यात.
बिल अजून साहेबांच्या टेबलावर आहे,
साहेब तीन बदलले.
तेव्हा अर्थ विचारला होता जगदाळे हवालदारांना.
"तुला काय करायचाय? र ला व नीट चिकटव,
नायतर खल दिसायचा नाही."

पहाटे चहा आणायला मलाच धाडलं,
पैसेही माझेच.
चावी टाकताना म्हणाले,
रंग उडालाय रे बोर्डाचा, ये एकदा डबा घेऊन.

वर पाहिलं.
सद् मधला स पोपडे धरून लोंबत होता.
खल मात्र ठणठणीत.

त्याला मी दोन हात दिले होते.