शंभरच्या आत

चोडणच्या पंचायतीने एक खोली दिली आम्हाला.
पंखा मी बंद केला, आवाजाने लक्ष ढळतं म्हणून.
लॅपटॉप, काळा पडदा, मधोमध अधिकचं चिन्ह.
पांढरा ठिपका दिसला की स्पेसबार दाबायचा.
एवढंच. साठ वेळा.

कुणाचे तीनशे दहा, कुणाचे चारशे.
सेकंदाचे हजार तुकडे करून
त्यातले मोजून ठेवायचे, हा माझा पगार.
कीबोर्ड स्वतःच दहा-वीस खातो,
पडदाही एक घास घेतो.
माणसाचा उशीर आणि यंत्राचा
पुरता वेगळा काढता येत नाही,
हे मी तळटीपेत लिहिते, बारीक अक्षरात.

मग आला सोयरू हळर्णकर, वय अठ्ठावन्न,
फेरीबोटीवर खलाशी. दोर टाकतो.
एकाहत्तर. चौऱ्याण्णव. अडुसष्ट.
एकदा तर उणे बारा:
ठिपका यायच्या आधी त्याचं बोट पोचलेलं.
मधलं अंतर कधी दोन सेकंदांचं, कधी पाच,
त्या विस्कटलेल्या क्रमात
त्याला कसली ओहोटी सापडली, कोण जाणे.

म्हटलं, काका, दिसल्यावर दाबा.
लहान पोरीला समजवावं तसा म्हणाला,
"दिसले उपरांत उसर जाता गो, बाय."

नियम असा, की शंभरच्या आतलं काही
प्रतिसाद धरायचं नाही. तो नुसता अंदाज.
साठातल्या सत्तेचाळीस ओळी लाल झाल्या.
मानधनाचं पाकीट त्याने न उघडता खिशात घातलं.

संध्याकाळी पाणी उतरलेलं, रॅम्प ओला,
पाठीवर लॅपटॉप, मी स्कूटर चढवत होते.
चाक घसरलं हे मला कळलं तेव्हा
हँडलवर त्याचा हात होता.
होता. आला असं म्हणायला
मधे जागाच नव्हती.
तोंडाने तो कुणाशी तरी
कालच्या फुटबॉलवर भांडत होता,
आणि रायबंदरचा धक्का येताच, नव्हे, यायच्या जरा आधी,
दोर खुंटावर बसला.

लाल ओळी अजून पुसलेल्या नाहीत.
बाई विचारतील तेव्हा सांगायचं कारण
दोनदा जुळवलं, दोनदा मोडलं.
मग रात्री स्वतःलाच बसवलं पडद्यापुढे.
साठही वेळा ठिपक्याची वाट पाहिली मी, शहाण्यासारखी.
सरासरी दोनशे शहाण्णव.
एकही ओळ लाल नाही.