पाणी पाचव्या दिवशी

तारखा मी सोडून दिल्यात.
पाण्याच्या पाळ्या मोजते.
पहिली पाळी सिव्हिलच्या वॉर्डात गेली,
दुसरीला हिची नाळ गळाली,
तिसरीच्या आदल्या दिवशी माझे टाके काढले.
चौथी झोपेत गेली, कुणाच्या झोपेत ते आठवत नाही.
आज पाचवी.

बाहेर बेचाळीस
आणि खाटेखाली शेगडी.
निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा.
मल्लव्वा पाठीला तेल रगडत म्हणते,
कडक भाकरी महिना महिना कशी टिकते? शेकून घे पोरी.
मी म्हणते, घामोळं आलंय.
ती म्हणते, येऊ दे.
पोटाला मात्र हात लावत नाही.
तिथं डॉक्टरची शिलाई हाय, माझं काम नाही.

शिलाई.
सहा वर्षं मी टॉवेलांचे काठ शिवले
अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत, डझनावर मजुरी.
काल दार लावून, हातआरशात
पहिल्यांदा नीट पाहिलं:
डाव्या टोकाला टाका ओढला गेलाय,
चूण पडलीय.
आमचा चेकर असला नग बाजूला काढायचा.
सेकंड.
मी एकटीच हसले
आणि हसताना इतकं दुखलं की भिंत धरली.
हिला गुंडाळलंय तो टॉवेलही सेकंडच.
आमच्या घरात फर्स्टचा माल कधी आलाच नाही.
पाणी तेवढंच टिपतो.

माग चालू असले की ही झोपते.
नऊ महिने तेच ऐकलं तिनं, आतून.
लाइट गेली, गल्ली गप्प झाली
की दचकून उठते,
जणू कुणी हातातलं काढून घेतलं.
मग मांडीवर घेऊन मी तोंडानं माग चालवते,
खटखट् खटखट्,
आणि मनात विचारते,
तू कोण आहेस गं?
हे कुणाला सांगितलेलं नाही.
सासूबाई म्हणतात, बापावर गेलीय.
अंबादास म्हणतो, आमच्या आत्यावर.
मला अजून ती कुणावरच गेलेली दिसत नाही.

रात्री पावणेतीनला नळ खाकरला.
अंबादास रात्रपाळीला,
सासूबाईंना ऐकू कमी येतं.
उठायचं नाही, उचलायचं नाही,
गार पाण्यात हात घालायचा नाही
सव्वा महिना.
उठले.
आधी नुसती हवा, मग गंजाचं लाल,
मग पाणी.
दूधही असंच आलं होतं, तीन दिवस नुसता ताण देऊन.
घागर नाही उचलली,
तांब्या तांब्यानं पिंप भरत बसले.

समोरच्या ओट्यावर रेहाना पाइप सोडत होती.
तिनं बाळाचं विचारलं नाही,
रंग, वजन, बारसं, काही नाही.
म्हणाली, श्यामला, अजून जातंय का गं अंगावरून?
थोडं, मी म्हटलं.
माझं दीड महिना जात होतं, ती म्हणाली,
आणि पाइपचं तोंड माझ्या पिंपात वळवलं.

आत हिनं चुळबुळ सुरू केली, रडणं अजून नाही.
त्याआधीच माझा गाऊन
छातीवर दोन ठिकाणी ओला.
जाता जाता
दोन्ही हात मनगटापर्यंत पिंपात बुडवले.
गार.
मल्लव्वाला सांगू नका.