दोन फायली

तांबट आळीच्या मागे, वाचनालयाच्या माळ्यावर
मला नेमलंय अकरा महिन्यांसाठी,
दाजी शिवराम क्षेमकल्याणी, ग्रंथकार,
यांची पत्रं लावायला.
फायली दोन दिल्यात : खासगी, व्यावसायिक.
खाली पातेल्यांवर हातोडे पडत असतात.
घडी उघडली की वाळू सांडते,
शाई टिपायला घेतलेली, गोदेची.
ती कशात घालायची, कुणी सांगितलं नाही.

मुंबईच्या छापखानेवाल्याशी गडी मोकळा.
"खिळे झिजले. माझा प्रत्येक ळ लंगडा निघतो."
"पंचवीस प्रतींचा ऐवज अद्याप नाही,
गावात पटकी आहे, लेखन तूर्त बंद."
एकदा चार पानं, नुसतं भांडण,
आणि तळाशी बारीक अक्षरात :
"रात्री झोप येत नाही.
हे आपणांस का लिहितो, न कळे."

बायको सिन्नरला, माहेरी. तीन वर्षं.
का, ते कुठेच नाही.
"सौ. सगुणा हीस आशीर्वाद. येथील क्षेम.
तूप पोचले. बांगड्या धाडल्या आहेत. कळावे."
पत्र वाचून दाखवायचा मेहुणा,
ओसरीवर, चारचौघांत,
मग माणूस दुसरं काय लिहिणार?
उत्तरंही मेहुण्याच्याच मोडीत.
तूप धाडले. बांगड्या पोचल्या.
मी जांभया देत खासगीत टाकत गेले.

मग हा कागद. बालबोध.
अक्षरं नदीतल्या गोट्यांसारखी, सुटी सुटी,
रेघ एकदा डोक्यावर, एकदा गळ्यात.
मायना नाही.
"बांगड्यांच्या कागदात पान साठ आले.
बाई घागर घेऊन विहिरीवर जाते.
घागर मागल्या खेपेच्या कागदात फुटली आहे.
हे मी लिहिले. दादास ठाऊक नाही."

बांगड्या तो रद्द प्रुफांत गुंडाळायचा, एवढंच.
की मुद्दाम, पानांच्या क्रमाने?
मी पत्रं पुन्हा चाळली. नाही कळत.

चौथ्या दिवशी छापखान्याला :
"पान साठ थांबवावे.
चूक एका विद्वान स्नेह्याने दाखविली.
नाव पुसू नये."

पाच वाजले, खालचे हातोडे थांबले.
दोन्ही फायली मिटून मी कपाटातून
त्याचं पुस्तक काढलं, वाळवीने कडा खाल्लेलं.
पान साठ.
बाई विहिरीवर जाते,
खांद्यावर दोर,
कडेला शेजारणीची घागर.