काठ

बस. मान खाली. नाही, इतकी नाही,
हनुवटी मोकळी राहू दे, तुला बोलायचं असतं.
वीज दुपारी तीनला गेली, पंखा मेलेला,
म्हणून दार उघडं आहे. वाळू आत येते,
मी तिला बाहेर लोटते.
आमच्या केटात हे एक काम कधी संपत नाही.

तर सेनाम, शाळा सुटली एकदाची.
बारा वर्षं यंत्राखाली मुकाट डोकं दिलंस,
आता चार बोटं उगवलंय ते तुझं स्वतःचं.
एकेक केस आपल्याभोवती फिरून बसलेला,
पेन्सिल तासताना निघते ना साल, तसा.

आधी पाणी. कोरड्यात कंगवा घालणारीला
काफुई आपल्या दुकानाची पायरी चढू देत नाही.
मग शिआचं लोणी, तळहातावर वितळेपर्यंत.
टोकाकडून सुरुवात, मुळाशी सगळ्यात शेवटी.
गुंता सुटतो गं,
फक्त आपल्याला घाई आहे हे त्याला कळू द्यायचं नाही.

फोटो पाहिला तुझा.
तांदळाएवढ्या वेण्या, कपाळापासून ताणलेल्या,
भुवया वर चढलेल्या, बाई जन्माची चकित.
बहिणीच्या लग्नाला अगदी तसंच हवं.
घट्ट घातलं की पाच आठवडे टिकतं, पैसे वसूल,
हे मीच सांगत आले, वीस वर्षं.
रात्री उशी टोचायची. सकाळी मुळांशी पुटकुळ्या.
'दोन गोळ्या घे, छान दिसतेस,' म्हणायचे.

इथे बघ. कानाच्या वर, कपाळाच्या कडेला.
हे अजून केस नव्हेत, जावळ आहे,
मोठं व्हायचं विसरलेलं.
टूथब्रशने दामटून, जेल लावून, नागमोडी काढून
शोभेला बसवतात मुली. एखाद्या दिवशी चालेल.
ओझं मात्र यांच्यावर नाही.
घरात सगळ्यात लहान असेल तिच्या डोक्यावर
कुणी हंडा देतं का?
बरं, देतात. म्हणून तर सांगते.

मी वेणी इथून धरणार, बोटभर मागून.
पुढचं सोडायचं. त्याचं ते.
नकली केस तीन पेड झाल्यावर, चिमूटभर.
ओढतंय? बोल.
कपाळ तोंड मिटून सोसतं, तू सोसू नकोस.

रुमाल काढते जरा. उकडतंय म्हणून, दुसरं काही नाही.
आरशातून बघून घे, एकदाच.
दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. गुळगुळीत.
डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं, म्हणाला,
इथे आता काही यायचं नाही.

आमचं जुनं घर त्या पाण्यात आहे,
तो नारळाचा बुंधा दिसतो ना, त्याच्या पलीकडे.
आधी अंगण गेलं. अंगणच तर आहे, म्हणाले बाबा.
मग चूल. मग भिंत.
समुद्र रागावला नव्हता गं,
रोज थोडं ओढत होता.

माझ्या वेण्या आई घालायची, रविवारी, चर्चच्या आधी.
प्रेमानंच. दातओठ खाऊन प्रेमानं.
तिच्या दोन गुडघ्यांत माझं डोकं,
आणि पोरीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही
अशी तिची गावभर ख्याती.

हं. बांधला परत रुमाल.

झालं तुझं. साठ सेडी.
फोटोसारखं नाही, मान्य. लग्नात विचारतील बायका,
काफुईचा दोरा संपला होता का म्हणून.
सांग, हो, संपला होता.
सॅटिनचा रुमाल बांधून झोप.
तीन आठवड्यांनी सोडवायला ये, टिकलं असलं तरी.

दाराशी वारा आहे, सांभाळ...
अगं, हात कशाला लावतेस कपाळाला?
हलू दे ते.