लांबी

डेस्मंड थॅकरेने गाडीवरची ताडपत्री ओढली
पहाटे पावांवरची फडकी ओढायचा तशी,
एका झटक्यात, स्वतः न बघता.
खाली ती. सदुसष्टची एमजीबी, दोनच माणसांची.
पुढून लाल म्हणता येईल असा रंग,
मागून जुन्या विटेचा.

मी सोळा वर्षांची असताना
लाऊथच्या बाजारात, बेकरीसमोर, ही उभी असायची
आणि मी रस्ता उगाचच दोनदा ओलांडायची.
हे त्याला सांगितलं नाही. भाव करताना
आठवणी खिशातून काढू नयेत.

मी दातांची डॉक्टर. म्हणजे होते, मार्चपर्यंत.
याच्या साखरेच्या पावांनी किडवलेल्या दाढा
तेहतीस वर्षं मीच कोरल्या, मीच भरल्या.
त्याच्या भट्टीवर माझी चूल पेटली म्हणा ना.

म्हणून बॉनेट न उघडता आधी गुडघ्यांवर बसले.
फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
दाराखालच्या पत्र्यावरून सरकवत नेलं.
चिकटलं. चिकटलं.
मागच्या चाकाच्या जरा अलीकडे
सुटलं, आणि खडीत पडलं.

दोघांनीही पाहिलं.
मी नखाने ठोकलं: टक्, टक्, ठप्.
हा ठप् मी झोपेतही ओळखेन.
"लांबी भरलीय," म्हटलं.
"थोडीशी," तो म्हणाला, बुटांकडे बघत,
माझ्या खुर्चीत बसून
"रोज रात्री घासतो" म्हणायचा, अगदी तसा.

चारशे पौंड उतरले.
आणखी उतरले असते.

घरी आणताना मॅनबीच्या पुढे
पेट्रोलपंपाची टिकटिक थांबली,
मग इंजिन थांबलं,
मग मागून येणारा बीटचा ट्रॅक्टरही थांबला.
ट्रॅक्टरवरचा पोरगा खाली उतरला,
काही न विचारता माझा एक बूट मागितला,
मागच्या चाकाआड हात घालून
त्या पंपाच्या दोन लगावल्या.
टिक. टिक. टिक टिक टिक.
"आजोबांकडे होती एक," एवढंच बोलला,
आणि मी एका पायात मोजा घेऊन
वारा सुटलेल्या त्या सपाट मुलखात
मूर्खासारखी हसत उभी.

पहिला महिना सोपा गेला.
पॉइंट्सच्या फटीत पंधरा हजारांश इंचाची पट्टी
सरकवायची, काढायची. जबड्यापेक्षा बरं;
इथे कुणी हात चावत नाही.
दोन्ही कार्ब्युरेटरच्या माथ्यात चमचाभर तेल.
नळी कानाला लावून त्यांचा श्वास ऐकायचा,
डावा जास्त घेतोय की उजवा.

मग तो ठप्.
ग्राइंडर लावला. गुलाबी भुकटी उडाली,
मास्क होता, सवयच ती.
लांबीच्या आत वर्तमानपत्राचा बोळा:
कबुतरांच्या शर्यतीचे निकाल.
बोळ्याच्या आत पत्रा.
पावाचा साचा, उभा कापून, सपाट करून,
कडा कानशीने घासून, रिव्हेट मारून बसवलेला.
त्यावर उठावाची अक्षरं:
थॅकरे आणि मुलगा.

'मुलगा' म्हणजे हाच, बुटांकडे बघणारा.

फोन केला.
बराच वेळ पलीकडे नुसतं घड्याळ वाजत होतं.
"बाबा गेले त्या हिवाळ्यात केलं," म्हणाला.
"गाडी विकायची किंवा हे. पैसे नव्हतेच.
साचे मात्र दोनशे होते."
मग, जरा धास्तावून: "पाणी येतंय का आत?"
"नाही."
"मग?"

कीड आत ठेवून वरून भरू नये,
हे मी शिकाऊ पोरांना ओरडून शिकवलंय.
पण ही कीड नव्हती.
वेल्डर बाईने नवा जाड पत्रा जोडला, शिवण घासून दिली.
साचा आतच आहे. तिने भुवई उंचावली,
बिलात लिहिलं नाही.

आता चुंबक सगळीकडे चिकटतं.
पंप अजून बदललेला नाही.
शेजारच्या सीटवर
एक जुना बूट ठेवलाय, डाव्या पायाचा.