दोन चाळीसचा ठिपका

कोशित्से, फेब्रुवारी.
शेवटची ट्राम आगारात गेली की व्लास्ता मोजायला बसते.
दिवसा तिचा आलेख ट्रामच्या प्रत्येक फेरीला शहारतो.

नमुना चार मिलिग्रॅमचा. राखाडी टिकली.
भाजलेल्या अ‍ॅल्युमिनात रुतून बसलेले निकेलचे कण,
केसाच्या जाडीत दहा हजार मावतील एवढे.
टिकली कोंबली आहे सरबताच्या नळीत.
हो, सरबत प्यायच्याच.
एवढ्या महागड्या यंत्राच्या पोटात, हेलियमच्या थंडीत,
लोंबकळते आहे दहा सेंटची नळी.

बाप पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होता,
चुंबकाने पत्रे उचलायचा, एका खेपेला सहा टन.
रविवारी सूप ओरपत विचारतो,
"मग, या आठवड्यात किती हललं?"
"हललं काहीच नाही, बाबा. वळलं."

ऊब असेपर्यंत या कणांना दिशा टिकवता येत नाही.
कणाच्या आत हजारो अणूंचं एकमत,
पण ते सगळं एकमतच कूस बदलतं
पापणी लवायच्या आत कितीतरी लाख वेळा.
चुंबक आणा, सगळे एका तोंडाने हो म्हणतात.
चुंबक न्या, कोण कुठला हो.

गारठवत नेलं की मात्र थिजतात, जिकडे तोंड तिकडेच.
गोठताना कुणी तोंडं वळवून धरली होती,
की ज्याची त्याने आपली वळवली होती,
एवढ्यावरून एकाच टिकलीच्या दोन रेषा होतात.
हळूहळू ऊब द्यायची.
कुठेतरी त्या रेषा एकमेकींना भेटतात,
आणि पुढे त्यांना वेगळं ओळखता येत नाही.
व्लास्ताचा होरा: बत्तीस केल्विन.

दोन चाळीसला, एकोणतिसावर,
एक ठिपका उसळून रेषेबाहेर गेला.
तिची झोप उडाली.
असं कधीच कुणी पाहिलं नसेल तर?
मनातल्या मनात तिने शीर्षकसुद्धा लिहून टाकलं.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं.
रात्रपाळीचे इमरिख, हातात फडक्यात गुंडाळलेलं ताट.
"बायकोने खसखशीचा रोल दिलाय."
"लिफ्टने आलात?"
"गुडघा," ते म्हणाले.

आठशे किलो पोलाद चार मजले चढून आलं होतं
एका गुडघ्यापायी.

ती हसली नाही, रागावलीही नाही. चकती कापली.
पांढऱ्या पिठात काळी खसखस, मध्येच तिची गच्च गुठळी.
"कण नीट पसरले नाहीत," ती म्हणाली.
इमरिखना वाटलं, रोल बिघडलाय.
मग तिने दोन चकत्या खाल्ल्या, त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून.

खाली जायला त्यांनी जिना धरला,
एकेका पायरीवर थांबत.

नियम सोपा आहे: ठिपका खोडायचा, पुन्हा मोजायचं.
तिने मोजलं. रेषा निमूट गेली.
चौतिसाला दोघी भेटल्या. होरा चुकला होता.

पहाटे नळी बाहेर काढली, तळहातावर धरली.
आत, काहीच न दाखवता,
पुन्हा सुरू झालं असणार ते कूस बदलणं.
रात्रीचं त्यांच्याकडे काही उरलं नाही.

वहीत तिने पेन्सिलीने लिहिलं:
२.४०. इमरिख. गुडघा.
आणि पान मिटताना दिसलं,
शिवणीत अडकलेला खसखशीचा एक दाणा.
तो तिने झटकला नाही.